शिळ्या भाताची राखण

ह्या भाताला भात शिळाच लागतो. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरूनच झालं. ताजा, वाफाळता भात घेऊन करायला गेलात तर कढईत खळ होते, भिंतीवर कागद चिकटवायला बरी. आदल्या दिवशी शिजवायचा, परातीत पसरायचा, वाळू द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी शीत न् शीत सुटं झालं की मोठ्या जाळावर परतायचा. माझी नात आता फ्रीजमधून डबा काढते आणि दहा मिनिटांत करून मोकळी होते. वर मलाच विचारते, त्यात काय मोठंसं? मोठंसं काय होतं ते मला माहीत.

आमच्या घरात हा भात आणला माझ्या धाकट्या दिरानं, पेरू देशातून. हो, पेरूच. माझ्या सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, हे नाव सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आन् चिक्कू कुटल्या देशात ऱ्हात्यात?" त्यांना तो देश शेवटपर्यंत खरा वाटला नाही. भात मात्र वाटला.

आमचं गाव इस्लामपूरच्या अलीकडं, कृष्णाकाठी. उसाचं रान, दोन बैल, एक म्हैस. माझं माहेर विट्याकडचं, कोरडवाहू. आमच्याकडं भात शिजायचा तो सणाला, नाहीतर कुणाला ताप आला तर. सासरी आले तेव्हा आठवड्यातून तीनदा भात बघून मला वाटलं, काय श्रीमंत माणसं आहेत ही! पण इथंही भाताचा मान मोठा होता. शिराळ्याकडचा तांदूळ यायचा, तो आत्याबाई स्वतः निवडायच्या, दुसऱ्याला हात लावू द्यायच्या नाहीत.

घरात आम्ही तिघंच असायचो. माझे मालक सैन्यात, वर्षातून दोन महिने घरी. मामंजी पलटणीतून हवालदार होऊन घरी आलेले. उंच, ताठ, मिशा पांढऱ्या, आणि बोलणं असं की चार शब्दांत काम होत असेल तर पाचवा काढायचे नाहीत. थोरला मुलगा सैन्यात गेला, धाकट्यानंही जावं अशी त्यांची फार इच्छा. माझा दीर भरतीला दोनदा गेला आणि पाय सपाट म्हणून दोन्ही वेळा परत आला. मामंजी महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत. बिचाऱ्याच्या पायाला काय तो कमान बसवून घेणार होता? शेवटी तो मुंबईला गेला आणि ओळखीनं एका मालवाहू जहाजावर लागला.

आता पत्रांचं सांगते. घरात धड मराठी वाचता येणारी मी एकटी, सातवी फायनल पास. मामंजींना पलटणीत हिंदुस्तानी शिकवली होती ती इंग्रजी अक्षरांतून. मराठी हाताचं अक्षर त्यांना लागायचं नाही. त्यामुळं पत्र आलं की ते पाकीट आधी हातात घ्यायचे, पुढून बघायचे, मागून बघायचे, बराच वेळ बघायचे. मला वाटायचं परदेशी तिकीट बघतात. मग ते आत पाठवून द्यायचे. संध्याकाळी सोप्यात शेजारचे चार जण येऊन बसायचे आणि मी माजघराच्या दाराआड, डोक्यावर पदर घेऊन, मोठ्यानं वाचायची. मालकांचं पत्र जसं असेल तसं वाचायची. दिराचं पत्र मात्र पहिल्याच खेपेला असं आलं की वाचायचं काय, हाच प्रश्न पडला.

त्यात वरच लिहिलं होतं, "वहिनी, हे आबांना वाचून दाखवू नका. मी इथं भंडारखान्यात आहे. स्वयंपाक करतो."

का वाचू नये हे मला सांगायची गरज नव्हती. गावातला एक जण सैन्यात लंगरावर, म्हणजे स्वयंपाकावर, होता. तो सुट्टीवर आला की मामंजी त्याच्या पाठीमागं म्हणायचे, "आमच्या घरात दोनच गोष्टी हातात धरल्या. नांगर आन् बंदूक. पळी न्हाई." चार जण हसायचे. तेच चार जण आता सोप्यात कान टवकारून बसलेले. मी घसा खाकरला आणि वाचलं, "मी इथं इंजिनात आहे. काम गरम आहे, पण बरं आहे."

झालं! तिथून पुढं तीन वर्षं ते इंजिन मी चालवलं. तो लिहायचा, आज तीस माणसांचे बटाटे सोलले. मी वाचायची, आज इंजिनाचे तीस नट पिळले. तो लिहायचा, हात भाजला. तेवढं जसंच्या तसं वाचता यायचं. एकदा शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "किती घोड्यांचं इंजन हाय म्हनं?" मी दाराआडून म्हटलं, "लय घोड्यांचं."  बाहेरून मामंजींनी सुपारी फोडल्याचा आवाज आला.

तीन वर्षांनी दीर सुट्टीवर आला. चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तरचा हिवाळा असेल, उसाची तोड चालू होती. आईला नायलॉनचं लुगडं, मामंजींना बॅटरी, मला दोन पेनं आणि ह्यांशिवाय कागदात गुंडाळलेल्या दोन काळ्या बाटल्या. त्या बाटल्या त्यानं फडताळात ठेवल्या आणि नदीवर आंघोळीला गेला. मामंजी न्याहारीला बसले होते. त्यांनी बाटली बघितली. काळी, दाट, चकाकणारी. उसाच्या गावात असली वस्तू म्हणजे एकच, काकवी! "परदेशातनं काकवी आणली व्हय ह्यानं? हितं काय कमी हाय?" असं म्हणत त्यांनी ती भाकरीवर चांगली पळीभर ओतली आणि घास घेतला. पुढचं मी बघितलं नाही, कारण पदर तोंडात कोंबून मी मागच्या दारी पळाले. आतून एवढंच ऐकू आलं, "करपल्याली हाय! मीठबी पडलंय!"

त्या बाटल्यांचं खरं दिरानं मला गोठ्यात सांगितलं. मी शेण भरत होते, तो खुंटीला टेकून उभा होता. पेरू देशात एका बंदरात त्यांचं जहाज अठरा दिवस अडकून पडलं होतं. मासळीचा भुगा भरायचा होता आणि माल येत नव्हता. बंदराजवळ एका चिनी म्हाताऱ्याची खानावळ होती. तिथं हा भात मिळायचा, बाटलीतलं ते सोयाबीनचं खारट काळं पाणी घालून परतलेला. दिरानं चार दिवस खाल्ला आणि पाचव्या दिवशी त्या म्हाताऱ्याला म्हणाला, मी तुझी पातीचे कांदे निवडतो, भांडी घासतो, तू मला शिकव. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. तरी शिकला.

"वैनी, त्या चिन्याच्या आज्याला उसाच्या मळ्यात राबायला नेला हुता तिकडं, बोटीत घालून. उरल्याला भात दुसऱ्या दिवशी परतून खायाचं. तसला ह्यो भात. जहाजावर केला आन् कप्तानानं मला मोठा आचारी केला. हाताखाली दोन माणसं हायत माझ्या."

"मग आता?" मी विचारलं.

"आता सांगनार आबांना. मला खोटं घिऊन यायचा कटाळा आलाय. त्यास्नी माझ्या हातचं खाऊ घालनार आन् मग सांगनार. पानावर बसून ऱ्हायलं तर दरसाल येतो. उठलं तर पुन्हा ह्या घराची पायरी चढनार न्हाई. आयेला तुमी सांबाळा."

तो हे रागानं नाही बोलला. बैलाच्या पाठीवर हात फिरवत बोलला, त्यामुळं मला जास्तच भीती वाटली. तो न येणं म्हणजे आत्याबाई झुरून जाणार हे मला दिसत होतं. आणि खरं सांगायचं तर स्वतःचीही भीती होती. तो आचारी ठरला की मी तीन वर्षं खोटं वाचणारी ठरणार. त्या काळात असल्या सुनेला लोक माहेरी पोचवून यायचे.

त्या रविवारी मामंजींच्या पलटणीतले एक जुने सोबती जेवायला यायचे होते. सुभेदार होते, लोणंदला राहायचे. मामंजी म्हणाले, "कोंबडं करा." दीर म्हणाला, "भात मी करतो." मामंजींनी त्याच्याकडं बघितलं. "तू?" "जहाजावर बघून शिकलोय." मामंजी नुसतं "हं" म्हणाले.

शनिवारी दुपारी त्यानं भात शिजवला. जुना तांदूळ, बेताचं पाणी, वरची पेज काढून टाकली. दोन मोठ्या पराती भरून पसरला, त्यावर धुतलेलं धोतर बांधलं आणि पराती माजघरातल्या धान्याच्या कणगीवर उंच ठेवल्या, मांजर पोचू नये म्हणून. मला म्हणाला, "वैनी, ह्याची राखण तुमच्याकडं. आयेला हात लावू देऊ नका."

इथं मी चुकले. आत्याबाईंना तेव्हाच सांगायला हवं होतं की हा भात मुद्दाम शिळा करायचाय. पण त्यांनी लगेच विचारलं असतं, का? तुला कुणी सांगितलं? त्याला कुणी शिकवलं? जहाजावर इंजिनवाल्याला भाताची काय उठाठेव? एक दोरा ओढला की सगळी गोधडी उसवली असती. म्हणून मी शहाणपणा केला आणि गप्प बसले. नको तिथं गप्प बसायची ही सवय मला त्या पत्रांनीच लावली होती.

आणि आत्याबाईंचा एक नेम होता. शिळं पाहुण्याच्या पानात नाही. पाहुण्याच्याच काय, घरच्या पुरुषांच्याही नाही. रात्रीचा भात उरलाच तर सकाळी कांदा-शेंगदाणे घालून त्याचा फोडणीचा भात व्हायचा आणि तो आम्ही दोघी चुलीपुढं बसून खायचो. मामंजींनी उभ्या जन्मात फोडणीचा भात खाल्ला नव्हता. त्यांना तो कुणी वाढलाच नव्हता.

रविवारी सकाळी मी मळ्यात पातीचा कांदा आणायला गेले. तासाभरात परत आले, तर कणगी रिकामी, पराती घासून पालथ्या घातलेल्या आणि चुलीवर नव्या तांदळाचा भात रटरटतोय. वर साजूक तुपाची धार. आत्याबाई घामाघूम, पण तोंडावर समाधान.

"रातचा भात पार खडा झाला हुता गं," त्या म्हणाल्या. "बाप्यांचं डोस्कं! झाकून ठेवायचं सोडून पसरून ठिवला. सुभेदाराला काय त्यो वाढायचा? म्हशीच्या आंबोणात घातला सगळा. आपल्या दोघींपुरता टोपभर ठिवलाय बग न्याहारीला."

 मी गोठ्यात धावले. म्हैस डोळे मिटून रवंथ करत होती. पेरू देशाचा अख्खा बेत तिच्या पोटात गेला होता.

दीर आला. कणगीकडं बघितलं, चुलीकडं बघितलं आणि मटकन खाली बसला. "आये, काय केलंस ह्ये!"

"काय केलं? ताजा केलाय की! आंबेमोहर हाय!"

आईला तो काय बोलणार? मीच म्हटलं, "भावजी, चूक माझी हाय. मी सांगितलं न्हाई." तो माझ्याकडं बघून म्हणाला, "वैनी, तुमी तरी काय सांगनार हुता." आणि उठला. त्याच्या जागी मी असते तर बोंब ठोकली असती.

अकराच्या एसटीनं सुभेदार यायचे होते. आम्ही तो ताजा भात परातींत पसरला आणि दोघं दोन सुपं घेऊन वारा घालत बसलो. शेजारीण कुंपणावरून डोकावून म्हणाली, "आवं, भात पाखडाय लागलाय व्हय?" मी म्हटलं, "व्हय, लय कोंडा निघालाय." अर्धा तास वारा घालून भात गार झाला, पण सुटा काही होईना. नव्या तांदळाचा चिकटपणा तो, वाऱ्यानं थोडाच जाणार?

चुलीचा जाळ ह्या भाताला पुरत नाही. दिरानं अंगणात तीन दगड मांडले, त्यावर लोखंडी कढई ठेवली आणि खाली उसाचं वाळलेलं पाचट सारलं. पाचटाचा जाळ म्हणजे काय विचारता! भडकन कढईच्या कानाला लागला. शेंगतेल धुरावलं, मग लसूण, आलं, कोंबडीचे बारीक तुकडे, मग अंडी फोडून घातली आणि उलथन्यानं मोडली. मग भात. आणि जे व्हायचं तेच झालं. दोन वेळा हलवला आणि त्याचा गोळा झाला. काळं पाणी घातल्यावर तर तो गोळा नाचणीच्या उकडीसारखा दिसायला लागला. दीर कपाळावरचा घाम पुसून बघत राहिला.

तेव्हा मला तो टोप आठवला. आम्हा दोघींच्या न्याहारीचा! मी आत पळाले आणि फडताळातून तो आणून त्याच्या हातात दिला. पाहुण्याच्या एका ताटाला पुरेल एवढाच भात होता, पण खडखडीत, शीत न् शीत सुटं.

त्यानं कढई पुसली, नवं पाचट सारलं. ह्या खेपेला मी त्याचे हात बघितले. भात तेलात पडला तसा तडतडला. त्यानं दोन्ही कान फडक्यात धरून कढई उचलली आणि एक हिसडा दिला. सगळा भात वर उडाला आणि परत कढईत पडला, एक शीत बाहेर गेलं नाही. पुन्हा हिसडा. काळं पाणी भातावर नाही ओतलं, कढईच्या कडेनं सोडलं, तर चर्र आवाज होऊन असा काही वास सुटला की शेजारीण पुन्हा कुंपणावर आली. शेवटी पातीचा हिरवा कांदा, आणि खाली उतरवला.

आत्याबाई पायरीवर उभ्या होत्या. "आगं बया!" म्हणाल्या. मग आवाज खाली आणून मला म्हणाल्या, "ह्यो हात आजचा न्हाई गं." चाळीस वर्षं चुलीपुढं काढलेली बाई, तिला हात कळणारच. त्यांनी मला पुढं काही विचारलं नाही आणि मीही त्यांच्याकडं बघितलं नाही.

सुभेदार आले, कांद्याची पिशवी घेऊन. पानं मांडली. चांगला भात एकच ताट होता, तो पाहुण्याला जाणार, त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. मामंजींच्या ताटात तो गोळा आणि कोंबडीचा रस्सा. सुभेदारांनी पहिला घास घेतला आणि थांबले. दुसरा घेतला. मग बघता बघता अर्धं ताट संपवलं.

"हवालदार, ह्ये काय हाय? लय झ्याक हाय! आन रं आजून."

आणायला काही नव्हतं. मामंजी एकदा पाहुण्याच्या ताटाकडं, एकदा आपल्या ताटाकडं बघत होते.

"संपलं काका," दीर म्हणाला.

"केलं कुणी? वैनीसायबांनी?"

आत्याबाई दाराआड, मी त्यांच्या मागं.  दीर हातात रश्श्याचं पातेलं घेऊन उभा होता. ते त्यानं खाली ठेवलं.

"म्या केलं. जहाजावर मी ह्येच करतो. आचारी हाय मी. इंजनात न्हाई. कवाच नव्हतो." बोलत पाहुण्याशी होता, पण बघत होता बापाकडं.

मामंजींचा हात तोंडाजवळ गेला होता. तो घास त्यांनी परत ताटात ठेवला. उठले, मोरीवर हात धुतले, पटका डोक्याला गुंडाळला आणि रानात निघून गेले. मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. आमच्याकडं भरल्या ताटावरून उठणं म्हणजे काय असतं हे वेगळं सांगायला नको. सुभेदारांनी कसंबसं ताट संपवलं आणि तीनच्या एसटीनं गेले.

दोन दिवस घरात कामापुरतंच बोलणं झालं. दीर बुधवारी सकाळी जायचा होता. त्यानं ट्रंक भरली. ती दुसरी काळी बाटली त्यानं बाहेरच ठेवली होती, मला म्हणाला, "वैनी, टाकून द्या." मी टाकली नाही. मला त्या म्हशीचा इतका राग आला होता की धार काढताना मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही. तिचा काय दोष! आणि प्रत्येक वेळी मामंजी खाकरले की मला वाटायचं, आता माझी पाळी. पण त्यांनी मला काहीही विचारलं नाही.

मंगळवारी संध्याकाळी आत्याबाई तांदूळ धुवत होत्या. मामंजी सोप्यातून आत आले.

"किती घातलाय?"

"न्हेमीचाच की."

"जादा घाल. उरू दे."

"कशापायी?"

मामंजी कणगीकडं बघत म्हणाले, "पाव्हण्यानं खाल्ला. मला कुटं मिळाला?"

आत्याबाईंच्या हातातून तांदळाचं पाणी सांडलं. दीर अंगणात होता, त्याला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. तो आत आला नाही. जेवणं झाल्यावर मामंजींनी स्वतः परात उचलून कणगीवर ठेवली, धोतर बांधलं, गाठ मारली. मग आपली बाज ओढत आणली आणि माजघराच्या दारात आडवी टाकली. त्या बाजेवर बसून आत्याबाईंना म्हणाले, "म्हशीला न्हाई." पलटणीत दारूगोळ्यावर पहारा द्यायचे तशी त्यांनी त्या भाताची राखण केली.

सकाळी दिरानं पुन्हा तीन दगड मांडले. मामंजी ताट घेऊन तिथंच अंगणात उकिडवे बसले, कढईपाशी. दीर भात उडवत होता आणि ते मान वर खाली करून बघत होते. ताट भरलं. त्यांनी खाल्लं.

"मीठ बेताचं हाय," म्हणाले.

"त्या काळ्या पाण्यात असतंय मीठ, आबा."

"म्हाईत हाय मला. चाखलंय." आणि ताट पुढं केलं. दुसऱ्यांदा वाढून घेतलं. दीर भरतीच्या रांगेत उभं राहावं तसा ताठ उभा होता. ताट निपटून झाल्यावर मामंजींनी विचारलं, "गाडी किती वाजता?"

"धाला."

"चल. फाट्यापतूर येतो."

ट्रंक त्यांनी स्वतःच्या खांद्यावर घेतली, दिराला घेऊ दिली नाही. वाटेत काय बोलणं झालं मला माहीत नाही. परत आले आणि ऊस बघायला गेले. आत्याबाई दिवसभर डोळे पुसत होत्या आणि मी विचार करत होते, हे नक्की काय झालं? जेवले तर खरं. पण पोरगा आचारी आहे हा शब्द काही त्यांच्या तोंडून आला नाही. गावात अजून इंजिनच चालू होतं. कुणी विचारलं तर मामंजी म्हणायचे, "हाय की जहाजावर." बस्स. सोप्यातल्या चार जणांसमोर त्यांना तो शब्द उच्चारवत नसेल तर दीर पुढच्या वर्षी येईल का, ह्याचा मला भरवसा वाटेना.

तीन महिन्यांनी पत्र आलं. पोस्टमन दुपारी देऊन गेला. मामंजींनी नेहमीसारखं पाकीट पुढून बघितलं, मागून बघितलं. मग मला हाक मारली. असं कधी मारायचे नाहीत.

"पोरी, हितं ये. ह्ये मागं काय लिवलंय?"

पाकिटाच्या मागं जहाजाच्या कचेरीनं छापलेला दिराचा पत्ता होता, जहाजाचं नाव वगैरे. "इंग्रजी हाय, मामंजी. मला येत न्हाई."

"मला येतंय," ते म्हणाले. नखानं एकेक अक्षर दाखवत गेले. "सी. ओ. ओ. के. पलटनीत लंगरच्या दारावर ह्येच लिवल्यालं असायचं. भूक लागली की पयलं ह्येच वाचाया यायचं."

 तीन वर्षं! तीन वर्षं प्रत्येक पाकिटाच्या मागं ते लिहिलेलं होतं. मी आतलं वाचत होते आणि ते बाहेरचं. मी दाराआडून घोडे मोजत होते आणि ते गपचूप सुपारी फोडत होते.

"मामंजी, माझं चुकलं," मी म्हटलं.

"तुझं न्हाई. म्या वाट बघत हुतो, कवा सांगतंय म्हनून. तीन वर्सं बघितली. आन् सांगितलं कुनाला, तर पाव्हण्याला." एवढंच बोलले. एवढं बोलणंही त्यांच्या मानानं भाषणच. मग पाकीट माझ्या हातात देऊन म्हणाले, "मीच पळीचं बोलायचो. मग पोरगं काय सांगंल?"

संध्याकाळी चार जण येऊन बसले. तेच चार जण. मी दाराआड उभी राहिले आणि पाकीट फोडलं. 

"दाराआड नगं," मामंजी म्हणाले. "बाहीर ये. हितं उजेडात हुभी ऱ्हा. आन् हाय तसं वाच. काय गाळू नगंस."

मी बाहेर आले. पदर सारखा केला आणि वाचलं, "तीर्थरूप आबांस साष्टांग नमस्कार. काल जहाजावर सणाचं जेवण होतं. बत्तीस माणसांचा स्वयंपाक केला. भात मी आदल्या दिवशीच करून ठेवला होता, आणि त्याच्या राखणीला माझा एक माणूस रात्रभर बसवला होता."

शेजारचा म्हातारा पुढं वाकला. "मंजी? पोरगं इंजनात हाय न्हवं?"

"न्हाई," मामंजी म्हणाले. "आचारी हाय. लय झ्याक करतंय. म्या खाल्लंय." आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "वाच गं म्होरं. मोठ्यानं वाच."